निर्दय रूढि आणि कथाकार प्रेमचंद

समाजांत ज्या अनेक रूढी चालत आलेल्या असतात, त्यांपैकीं कित्येक निरुपद्रवी आणि कांहीं तर खरोखर हितावहहि असतात. सणाच्या दिवशीं दारास तोरण बांधावें, पाहुण्यास प्रथम पाणी द्यावें, वडील माणसांस वांकून नमस्कार करावा, यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु कांहीं रूढी अशा असतात कीं, त्या पाळल्या जात असतांना कोणाच्या तरी तोंडचा घांस जातो, कोणाचें तरी आयुष्य करपतें, प्रसंगीं कोणाचा तरी प्राणहि जातो. आणि तरीहि त्या पिढ्यानपिढ्या पाळल्या जातात. असें कां व्हावें? त्या पाळणारीं सर्वच माणसें दुष्ट असतात म्हणावें, तर तसें दिसत नाहीं. पुष्कळ वेळां तीं आपापल्या घरीं प्रेमळ, देवभीरु आणि सभ्य असतात. त्याहून नवल हें कीं, ज्याच्या मानेवर रूढीची सुरी फिरते, तो स्वतःच कित्येकदां मान पुढें करून उभा असतो. हें नवल ज्यांनीं आपल्या लघुकथांतून सर्व हिंदुस्थानास दाखविलें, त्या मुन्शी प्रेमचंद यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. रूढि माणसाचें काय करते, हें त्यांनीं पुस्तकांत वाचून जाणलेलें नव्हतें. तें त्यांच्या घरांतच घडलेलें होतें.

काशीपासून चार मैलांच्या अंतरावर लमही नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें ३१ जुलै १८८० रोजीं एका कायस्थ कुटुंबांत प्रेमचंद यांचा जन्म झाला. त्यांचें पाळण्यांतील नांव धनपतराय. चुलते त्यांस कौतुकानें नवाब म्हणत. वडील मुन्शी अजायबलाल हे टपालखात्यांत कारकून होते. पगार बेताचा, बदल्या वारंवार, आणि प्रपंच ओढाताणीचा. मुलाचें पहिलें शिक्षण एका मौलवीपाशीं उर्दू आणि फारसी या भाषांत झालें. हा मुलगा पुढें दोन भाषांचा थोर लेखक झाला, त्याचा पाया त्या मौलवींच्या सतरंजीवर घातला गेला.

धनपत सुमारें आठ वर्षांचा असतांना त्याची आई आनंदीदेवी दीर्घ दुखण्यानें वारली. वडिलांनीं लौकरच दुसरा विवाह केला. आईविना पोरका झालेला तो मुलगा घरांत रमेना. त्याचें मन गोष्टींच्या पुस्तकांत रमूं लागलें. वडिलांची बदली गोरखपुरास झाली, तेव्हां तेथील एका तंबाखूच्या दुकानाच्या मागील बाजूस बसून त्यानें जादूच्या अद्‌भुत कथांचा भला मोठा उर्दू ग्रंथ ऐकला व वाचला. पुढें एका पुस्तकविक्रेत्याशीं त्यानें करार केला. शाळेंतील मुलांस त्या दुकानांतील मार्गदर्शिका विकून द्यावयाच्या, आणि मोबदल्यांत दुकानांत बसून कादंबऱ्या वाचावयाच्या. खिशांत पैसा नसलेल्या मुलानें वाचनाची सोय अशी करून घेतली.

पुढें जें घडलें तें त्या काळीं इतकें सामान्य होतें कीं, त्याबद्दल कोणी हळहळलेंहि नसेल. धनपत पंधरा वर्षांचा, नववींत शिकत होता. रीतीप्रमाणें वडीलधाऱ्यांनीं त्याचा विवाह ठरविला. मुलगी त्याच्याहून वयानें मोठी होती. विवाहापूर्वीं त्यानें तिला पाहिलेलें नव्हतें, आणि तिनेंहि त्याला पाहिलेलें नव्हतें. तिची इच्छा तर कोणी विचारलीच नव्हती. दोघांचीं मनें कधींच जुळलीं नाहींत. दीडएक वर्षांत वडील वारले, आणि सावत्र आई, तिचीं मुलें, पत्नी व स्वतःचें शिक्षण असा सारा भार त्या कोंवळ्या मुलाच्या खांद्यावर आला. वडील दुष्ट होते काय? मुळींच नव्हते. सर्वजण जें करीत होते तेंच त्यांनीं केलें. आपण काय करीत आहों, हा प्रश्न मात्र त्यांस पडला नाहीं.

शिक्षणाची वाट बिकट होती. १८९८ सालीं धनपतराय मॅट्रिक झाले, पण दुसऱ्या वर्गांत. आणि काशीच्या क्वीन्स कॉलेजांत फीची सवलत फक्त पहिल्या वर्गांत आलेल्यांसच मिळत असे. दुसऱ्या कॉलेजाचा दरवाजा गणितानें बंद केला. गणिताशीं त्यांचें वैर जन्मभर राहिलें. एका वकिलाच्या मुलास शिकवून महिना पांच रुपये मिळत. राहण्यास त्याच्याच तबेल्यावरील एक लहानशी मातीची खोली होती. पांचांतील मोठा भाग घरीं पाठवावयाचा आणि उरलेल्यांत महिना काढावयाचा. हिंवाळ्यांतील एके दिवशीं हातांत पैसा उरला नाहीं, उधारीहि मिळेना. तेव्हां दोन रुपयांस घेतलेली गणिताची उत्तरमाला एक रुपयास विकण्याकरितां ते पुस्तकाच्या दुकानीं गेले. विक्री करून पायऱ्या उतरत असतां तेथें बसलेल्या एका गृहस्थानें त्यांची विचारपूस केली. ते एका लहान शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांस एका मॅट्रिक झालेल्या शिक्षकाची गरज होती. पगार महिना अठरा रुपये. ती शाळा चुनार येथील मिशन शाळा. अशा रीतीनें १८९९ सालीं, आपल्या शाळेसारख्याच एका मिशन शाळेंत, हा थोर लेखक प्रथम शिक्षक म्हणून उभा राहिला.

पुढील वर्षीं त्यांस बहराइच येथील सरकारी शाळेंत नोकरी लागली. प्रतापगड, अलाहाबाद, कानपूर असा प्रवास करीत ते शिक्षकाचे शाळा-तपासनीस झाले. ज्या गणितानें त्यांस अडविलें होतें, तो विषय ऐच्छिक झाल्यावर १९१६ सालीं ते इंटरमीजिएट आणि १९१९ सालीं बी. ए. झाले. तोंवर त्यांचें वय एकोणचाळीस झालें होतें आणि लेखक म्हणून त्यांचें नांव दूरवर पसरलें होतें. परीक्षेंत मागें पडल्यामुळें खचून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

लेखनास आरंभ उर्दूंत झाला. १९०३ पासून काशीच्या एका साप्ताहिकांत त्यांची पहिली कादंबरी क्रमशः आली. तिचा विषय होता देवस्थानांतील महंतांचा ढोंगीपणा. नंतरच्या कादंबरीचा विषय विधवाविवाह हा होता. १९०८ सालीं 'सोज़े वतन' हा देशभक्तिपर कथांचा लहानसा संग्रह नवाबराय या नांवानें निघाला. तो सरकारच्या डोळ्यांत सलला. जिल्हाधिकाऱ्यानें लेखकास बोलावून जाब विचारला, शिल्लक राहिलेल्या सुमारें ७०० प्रति हस्तगत करून नष्ट करविल्या, आणि परवानगीवांचून कांहीं न लिहिण्याची ताकीद दिली. नोकरी सोडली तर घर उपाशी. लेखणी सोडली तर जीव उपाशी. कानपूरच्या 'ज़माना' मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांच्या सूचनेवरून त्यांनीं १९१० सालीं नवें नांव धारण केलें, आणि प्रेमचंद हें नांव जन्मास आलें.

दरम्यान त्यांच्या संसारांत मोठा पालट झाला होता. पहिली पत्नी माहेरीं गेली ती परत आली नाहीं, आणि त्यांनींहि तिला आणविलें नाहीं. १९०६ सालीं, विधवेशीं विवाह करणें म्हणजे जातीचा रोष ओढवून घेणें अशा त्या काळांत, त्यांनीं शिवरानीदेवी या बालविधवेशीं विवाह केला. शिवरानीदेवींचे वडीलहि मोठे धीराचे. मुलीच्या पुनर्विवाहाची जाहिरात त्यांनीं स्वतः दिली होती. हा संसार सुखाचा झाला. शिवरानीदेवी पुढें स्वतः कथालेखिका झाल्या, आणि १९३० च्या चळवळींत तुरुंगवासहि भोगून आल्या.

येथें चरित्रकारानें एक गोष्ट झांकून ठेवूं नये. ज्या रूढीनें धनपतरायांचें बालपण हिरावलें, त्याच रूढीनें त्या पहिल्या मुलीचेंहि आयुष्य हिरावलें. धनपतरायांस पुरुष म्हणून दुसरी संधि मिळाली. तिला ती मिळाली नाहीं. तिच्या वाट्यास माहेरचा कोपरा आला. ती हयात आहे हें शिवरानीदेवींस पुढें कळलें, तेव्हां त्यांनीं तिला घरीं आणण्याचा आग्रह धरला, असें त्यांनीं १९४४ सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत नमूद केलें आहे. तो आग्रह सफळ झाला नाहीं. प्रेमचंदांचा मोठेपणा यामुळें नाहींसा होत नाहीं. पण रूढीविरुद्ध लढणाऱ्याच्या घरांतहि तिची एक बळी निमूटपणें राहूं शकते, हें यावरून समजतें. त्यांच्या कथांतील स्त्रियांचें दुःख इतकें खरें कां उतरलें, याचें एक कारण कदाचित् येथेंहि असेल.

स्त्रियांची दैना त्यांनीं पुढें दोन कादंबऱ्यांत विस्तारानें रंगविली. 'सेवासदन' हुंड्याच्या चालीनें एका कुलीन मुलीची झालेली वाताहत सांगते. 'निर्मला' ही कादंबरी १९२५ ते १९२६ या काळांत 'चाँद' मासिकांतून आली. हुंडा देतां येत नाहीं म्हणून कोंवळ्या निर्मलेचा विवाह तिच्या वडिलांच्या वयाच्या बिजवराशीं होतो. त्या घरांत कोणीहि खलपुरुष नाहीं. आणि तरीहि तें घर संशयानें व शोकानें बुडतें.

परंतु रूढीचें खरें यंत्र प्रेमचंदांनीं उघडून दाखविलें तें त्यांच्या लघुकथांत. त्यांनीं सुमारें ३०० कथा लिहिल्या. 'पंचपरमेश्वर' आणि 'ईदगाह' या मराठी वाचकांस परिचितच आहेत. आपल्या विषयास जवळच्या अशा कांहीं कथांचा येथें विचार करूं.

'सवा सेर गेहूँ' या कथेंत शंकर नांवाचा एक साधा शेतकरी आहे. दारीं एक साधु येतो. घरांत फक्त जव आहेत, आणि साधूस गव्हाचें जेवण घातलें पाहिजे. म्हणून शंकर गांवच्या विप्राकडून सवा सेर गहूं उसना आणतो. सुगीच्या वेळीं तो त्या विप्रास नेहमींच्या दानापेक्षां अधिक गहूं घालतो आणि फेड झाली असें समजतो. सात वर्षांनीं विप्र हिशेब काढतो, तो साडेपांच मणांचा! कोर्टाची भीति शंकरास नव्हती. त्याला भीति होती परलोकाची. ब्राह्मणाचें ऋण घेऊन देवापुढें कसें उभें राहावें, या भयानें तो साठ रुपयांच्या कागदावर अंगठा उठवितो, आणि पुढें वीस वर्षें त्या विप्राचा वेठबिगार होऊन मरतो. त्याच्या मागें तें जूं त्याच्या मुलाच्या मानेवर येतें. शंकरास बांधणारी दोरी त्याच्याच मनांत वळलेली होती. विप्रानें तिचें टोंक फक्त हातीं धरलें.

'मृतक भोज' या कथेंत एक व्यापारी मरतो. मागें त्याची पत्नी सुशीला आणि दोन मुलें. जातीचे पंच सांत्वनास येतात, तेच मुळीं जातभोजनाची यादी घेऊन. मृताच्या नांवाला साजेसें जेवण झालें पाहिजे. पैसा नसेल तर घर विकावें. पंच त्या विधवेस लुटण्याच्या बुद्धीनें आलों आहों असें मनाशींहि कबूल करीत नाहींत. आपण जातीची अब्रू राखतों आहों, हीच त्यांची समजूत. घर जातें, दागिने जातात, आणि शेवटीं मुलगी रेवती गंगेच्या पाण्यांत नाहींशी होते. मेलेल्यांचा मान राखण्याकरितां जिवंतांचा बळी गेला.

आतां 'सद्गति' घ्या. ही कथा १९३१ सालची. दुखी नांवाचा एक चर्मकार आपल्या मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारण्याकरितां पंडित घासीराम यांच्या दारीं जातो. रिकाम्या हातानें जाऊं नये म्हणून गवताचा भारा भेट नेतो. पंडितजी त्यास अंगण झाडावयास लावतात, बैठक सारवावयास लावतात, भुसा वाहावयास लावतात, आणि एक भलें मोठें गांठाळ लांकूड फोडावयास देतात. दुखी सकाळपासून उपाशी आहे. चिलमीकरितां विस्तव मागतो, तेव्हां पंडितजींची पत्नी चिमट्यांत निखारा धरून दुरूनच फेंकते आणि तो त्याच्या डोक्यावर पडतो. या वेळीं दुखीच्या मनांत काय यावें? संताप? नाहीं. पवित्र घर आपण विटाळलें, त्याचें हें शासन देवानें तत्काळ दिलें, असें त्याला वाटतें! वाचकाच्या अंगावर कांटा उभा राहतो तो निखाऱ्यामुळें नव्हे, या विचारामुळें. लांकूड अखेर फुटतें आणि दुखी जागच्या जागीं कोसळून मरतो. त्याची जात पोलीस चौकशीच्या भयानें प्रेत उचलीत नाहीं. पंडितजींची जात विटाळाच्या भयानें शिवत नाहीं. शेवटीं पंडितजी पायास फांस अडकवून तें प्रेत गांवाबाहेर ओढून टाकतात, आणि घरीं येऊन स्नान, पाठ व गंगाजलानें शुद्ध होतात. पंडितजींस एका क्षणासहि आपण कांहीं अपराध केला असें वाटत नाहीं. कथेचें नांव 'सद्गति' ठेवून लेखकानें टीकेचा एक शब्दहि अधिक लिहिण्याची गरज ठेविली नाहीं.

'ठाकुर का कुआँ' ही कथा १९३२ सालची. आजारी जोखूच्या लोट्यांतील पाण्यास दुर्गंधी येते, कारण विहिरींत कोणतें तरी जनावर मेलेलें आहे. गांवांत ठाकुराची चांगली विहीर आहे, पण तिला शिवण्याचा अधिकार या घरास नाहीं. त्याची पत्नी गंगी अंधारांत घागर घेऊन जाते. वाटेंत तिच्या मनांत प्रश्न उठतात : चोरी करणारे, खोट्या फिर्यादी करणारे, जुगार खेळणारे हे लोक उंच कशामुळें आणि आपण नीच कशामुळें? घागर पाण्यानें भरून कांठाशीं येते, तोंच ठाकुराचें दार उघडतें, दोर हातून सुटतो, आणि गंगी पळत सुटते. घरीं येऊन पाहते तों जोखू तेंच घाण पाणी पीत असतो. ही कथा वाचतांना महाराष्ट्रीय वाचकास महाडची आठवण व्हावी. तेथील चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहस्रावधि अनुयायांनीं २० मार्च १९२७ रोजीं उघड दिवसा ओंजळींत घेतलें होतें. गंगीनें रात्रीं मनांत विचारलेला प्रश्न महाडास त्यापूर्वींच मोठ्यानें विचारला गेला होता. दुखीच्या मनांत प्रश्न नाहीं, गंगीच्या मनांत तो आहे. आणि प्रश्न उठला कीं रूढीचा पाया हालूं लागतो, हें या दोन कथा शेजारीं ठेवून वाचल्यास कळून येतें.

'दूध का दाम' या कथेंत झाडूवाली भुंगी जमीनदाराच्या मुलास अंगावर पाजते आणि तिचें स्वतःचें मूल वरच्या दुधासहि मुकतें. तोंवर विटाळ आड येत नाहीं. आईबाप मेल्यावर तोच पोरका मंगल त्याच घराच्या उष्ट्यावर, एका कुत्र्याच्या सोबतीनें, दिवस काढतो. गरज असेल तेव्हां रूढि डोळे मिटते, आणि गरज सरली कीं पुन्हां उघडते, हें तिचें लबाड रूप येथें दिसतें. आणि 'कफन' या १९३५-३६ सालच्या कथेंत, जिला जिवंतपणीं धड औषध वा कापड मिळालें नाहीं, त्या बुधियेच्या प्रेतास मात्र नवें वस्त्र हवेंच, म्हणून सारा गांव पैसे देतो. आणि तिचा पति व सासरा ते पैसे दारूंत उडवितात. पुढील काळांत दलित लेखकांपैकीं कित्येकांनीं या कथेंतील त्या बापलेकांच्या चित्रणावर कठोर आक्षेप घेतला. दीनांच्या अधःपाताचें चित्र काढतांना त्यांच्या अंगचा स्वाभिमान झांकला जाऊं नये, हा त्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. थोर लेखकाचीहि परीक्षा होत राहावी, हेंच त्याच्या शिकवणुकीस धरून आहे.

अशा कथा लिहिणाऱ्यास स्तुति तेवढीच मिळाली असें समजूं नये. हा लेखक द्वेष पसरवितो, ब्राह्मणांची निंदा करतो, असे आरोप त्यांच्यावर छापून आले. त्यांनीं शांतपणें उत्तरें दिलीं आणि लिहिणें चालूं ठेविलें. वास्तविक त्यांचा रोख कोणा एका जातीवर नव्हता. 'सद्गति' कथेंत पंडित आहे, तसा 'ठाकुर का कुआँ' कथेंत ठाकूर आहे, आणि 'मृतक भोज' कथेंत जातीचे शेठ आहेत.

सुखाची वाटहि त्यांनीं आपण होऊन सोडली. ८ फेब्रुवारी १९२१ रोजीं गोरखपूर येथें महात्मा गांधींचें भाषण त्यांनीं ऐकलें, आणि थोड्याच दिवसांत वीस वर्षांच्या सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. काशीस १९२३ सालीं सरस्वती प्रेस काढला, १९३० सालीं 'हंस' मासिक सुरू केलें, पुढें 'जागरण' साप्ताहिकहि चालविलें. तिन्हींनीं कर्जच वाढविलें. तें फेडण्याकरितां १९३४ सालीं ते मुंबईस आले आणि अजंता सिनेटोन या चित्रपट कंपनींत कथालेखक म्हणून राहिले. गिरणी कामगारांच्या जीवनावर त्यांनीं लिहिलेल्या 'मज़दूर' या चित्रपटास मुंबईंत बंदी झाली. चित्रपटाच्या धंद्यांत त्यांचें मन रमेना. वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १९३५ च्या वसंतांत, ते काशीस परतले.

एप्रिल १९३६ मध्यें लखनौ येथें प्रगतिशील लेखकांचें पहिलें अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. साहित्यानें केवळ रंजन न करितां दडपलेल्या माणसाची बाजू घेतली पाहिजे आणि सौंदर्याची कसोटी बदलली पाहिजे, असा विचार त्यांनीं तेथें मांडला. त्याच वर्षीं 'गोदान' ही त्यांची श्रेष्ठ कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक होरी हाहि ऋण, धर्म आणि बिरादरी यांचें ओझें निमूट वाहत मरणारा शेतकरी आहे. पोटाच्या विकारानें प्रेमचंद अंथरुणास खिळले, आणि ८ ऑक्टोबर १९३६ रोजीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, काशी येथें त्यांनीं देह ठेविला. १९८१ सालीं सत्यजित राय यांनीं 'सद्गति' कथेवर त्याच नांवाचा चित्रपट केला, तेव्हां तीं लांकूड फोडणारीं हाडें नव्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलीं.

या कथा लिहिल्या गेल्या त्यानंतर कायदे पुष्कळ झाले. अस्पृश्यतेचे निर्मूलन १९५० च्या राज्यघटनेनें केलें आणि १९५५ सालीं ती पाळणें दंडनीय ठरलें. हुंड्यास १९६१ सालीं बंदी झाली. वेठबिगारी १९७६ सालीं रद्द झाली. जातपंचायतीच्या बहिष्कारास आळा घालण्याकरितां महाराष्ट्रानें २०१६ सालीं स्वतंत्र कायदा केला. ही प्रगति लहान नव्हे. परंतु पंडिताचा हात कायदा धरूं शकतो. दुखीच्या मनांतील समजूत कायद्यास काढतां येत नाहीं. निखारा पडल्यावर हें माझें पाप म्हणणारा माणूस जोंवर आहे, आणि हें चालत आलें आहे एवढ्याच कारणानें तो निखारा फेंकणारें घर जोंवर आहे, तोंवर कायद्याच्या पाठोपाठ दुसरें कांहीं तरी यावें लागतें. तें काम शाळा करते, घर करतें, आणि चांगली कथा करते.

विद्यार्थी मित्रहो, सुटींत यांपैकीं एक तरी कथा अवश्य मिळवून वाचा. शक्य झाल्यास घरांतील वडील माणसांस वाचून दाखवा. वाचून झाल्यावर पंडितजींस नांवें ठेवण्याची घाई करूं नका. तें सोपें आहे, आणि त्यांत आपणांस कांहीं किंमत पडत नाहीं. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईचा पेला निराळा ठेवला आहे काय, लग्नाच्या बैठकींत मुलीचें मत कोणी विचारलें काय, कोणाच्या दुःखाच्या दिवशीं आपण त्याच्या घरीं जेवणाची अपेक्षा धरून गेलों काय, इकडे एकदां पाहा. आणि मातापितरांस एवढीच विनंति कीं, मुलानें किंवा मुलीनें असा प्रश्न विचारला, तर तिला उद्धट म्हणून गप्प बसवूं नये. पंधरा वर्षांच्या धनपतास असा प्रश्न विचारतां आला नाहीं. तो विचारण्यास त्यास पुढें सारें आयुष्य आणि तीनशें कथा लागल्या.